मातीला वासच येतो

माझी भाची सहावीत आहे. जूनमध्ये वर्गात 'पहिला पाऊस' या विषयावर निबंध लिहून घेतला, त्यात तिने लिहिलं होतं, 'पाऊस पडल्यावर मातीचा छान वास येतो.' वही तपासून आली तेव्हा 'वास' या शब्दाभोवती लाल गोल होता आणि समासात शेरा होता : 'वास नव्हे, सुगंध.' गोष्ट एवढीशी. पण रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर ती वही हातोहात फिरली आणि घरात सरळ दोन तट पडले. मावशीचं म्हणणं, बाईंनी बरोबर केलं. वास गटाराला येतो, मातीला नाही. मावसभाऊ संस्कृत शिकलेला. तो म्हणाला, 'वास' म्हणजे मुळात सुगंधच, कोश उघडून बघा, म्हणजे बाईच चुकल्या. तासभर हा वाद चालला. त्यांना एकमेकांचं पटलं नाही, आणि मला दोघांचंही पटलं नाही.

हा वाद आमच्या घरापुरता नाही. कुणी 'चाफ्याचा वास' म्हटलं की 'सुवास म्हणा हो' अशी दुरुस्ती करणारं माणूस जवळपास असतंच. आणि त्या दुरुस्तीला उत्तर देणारा बहुतेक वेळा व्युत्पत्तीचा आधार घेतो. एक बाजू शिष्टाचाराच्या नावाने बोलते, दुसरी मूळ अर्थाच्या नावाने, आणि मराठी माणसं हा शब्द रोज कसा वापरतात याकडे दोघीही पाहत नाहीत. माझं म्हणणं सरळ आहे. 'वास' हा शब्द चांगलाही नाही, वाईटही नाही, आणि तो तसाच राहायला हवा. नाकाला जे जाणवतं त्याला निवाडा न करता नाव देणारा, घरात-बाजारात सहज तोंडी येणारा आपल्याकडे हा एकच शब्द उरला आहे. तो हातचा गेला, तर आपल्याला आधी बरं-वाईट ठरवावं लागेल आणि मग हुंगावं लागेल.

आधी वापराचंच बघू. घराघरांतल्या जुन्या बायका अजूनही 'वासाचं तेल', 'वासाचा साबण', 'वासाचा तांदूळ' म्हणतात. त्यांना त्यात दुर्गंधीचं काही अभिप्रेत नसतं. वासाचा तांदूळ म्हणजे आंबेमोहोर, घरातला सगळ्यांत मानाचा तांदूळ, सणाला काढायचा. 'अबोलीला वास नसतो' असं आपण म्हणतो, आणि म्हणूनच अबोलीच्या गजऱ्यात मरवा गुंफतात. बकुळीची फुलं वाळून तपकिरी झाली तरी 'वास जात नाही' म्हणून ती पुस्तकात, कपड्यांच्या घडीत ठेवली जातात. ही वाक्यं अशिष्ट आहेत, असं कोण म्हणेल? शाळेतल्या तक्त्यावरही डोळ्यांनी पाहतो, कानांनी ऐकतो आणि नाकाने वासच घेतो. पहिलीत 'नाकाने वास घेतो' घोकून घ्यायचं आणि सहावीत त्याच शब्दाला लाल गोल करायचा, हे कसं चालेल?

आणि २०२० साल आठवा. त्या जूनमध्ये केंद्र सरकारने कोविडच्या लक्षणांच्या यादीत वास आणि चव जाण्याचा समावेश केला. त्यानंतर कित्येक महिने महाराष्ट्रातल्या घराघरांत सकाळी उठल्या-उठल्या एकच परीक्षा व्हायची. कुणी कॉफीचा डबा उघडून नाकाशी धरायचं, कुणी हिंगाची डबी, कुणी अंगाचा साबण. आणि प्रश्न एकच : 'वास येतोय का?' आमच्या घरात माझ्या आईने मला हा प्रश्न विचारला तेव्हा तिच्या हातात लसणाची ठेचलेली पाकळी होती. मला काहीच येत नव्हतं. तिचा चेहरा उतरला तो मी विसरलेलो नाही. त्या प्रश्नात लसूण सुगंधी की दुर्गंधी हा मुद्दाच नव्हता. जिवाशी गाठ असते तेव्हा माणसाला निवाड्याचा नाही, नोंदीचा शब्द लागतो. अख्ख्या राज्याने तेव्हा एकमताने 'वास' निवडला. याहून मोठा पुरावा मला माहीत नाही.

मराठीची घडणच अशी आहे की नाम मधोमध उभं राहतं आणि मत सांगायचं काम क्रियापद किंवा विशेषण करतं. फोडणी बसली की 'वास सुटतो'. तुंबलेली मोरी 'वास मारते'. भुकेल्या मांजराला 'वास लागतो' आणि ते 'वास काढत' ओट्यापर्यंत पोचतं. उघड्या राहिलेल्या अत्तराचा 'वास उडतो', धुतलेल्या बरणीला लोणच्याचा 'वास राहतो'. सुटणं सुखाचं, मारणं त्रासाचं, येणं मोकळं. विशेषणांची श्रीमंती तर विचारूच नका : कुबट, खवट, उबट, आंबूस, करपट, ओशट, मातकट, उग्र, खमंग. मलाया द्वीपकल्पातल्या जहाई नावाच्या छोट्या भाषेत वासांसाठी डझनभर स्वतंत्र शब्द आहेत आणि ती माणसं रंगांइतक्याच सहजतेने वासांना नावं देतात, असं २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासातून पुढे आलं तेव्हा जगभर कौतुक झालं. आपल्याकडची ही यादी काही कमी नाही. पण या विशेषणांना उभं राहायला जागा लागते. 'कुबट सुगंध' म्हणता येईल का? 'खमंग दुर्गंध'? दोन्ही शब्द सावत्र भावासारखे एकमेकांकडे बघतात. 'कुबट वास' आणि 'खमंग वास' मात्र सारख्याच सहजतेने तोंडातून येतात. 'वास' गेला तर या सगळ्या विशेषणांच्या पायाखालची जमीन जाईल.

आता मावसभावाच्या मुद्द्याकडे येतो, कारण विद्वत्तेच्या नावाखाली तो अधिक फसवा आहे. संस्कृतात 'वास' दोन आहेत. एक राहण्याचा, वस् धातूपासून आलेला : निवास, प्रवास, वनवास. दुसरा सुगंधित करण्याचा : वासित, सुवासिक. (सुवासिनीतल्या 'वास'चा नाकाशी काही संबंध नाही, तरी लोक तो जोडतात.) जुन्या मराठीत तिसराही एक आहे : संतांच्या वाणीत 'वास पाहणे' म्हणजे वाट पाहणे. तेव्हा आपल्या नाकाच्या 'वास'चं मूळ सुगंधाकडचं आहे, हे भावाचं म्हणणं खरं आहे. पण म्हणून आजचा अर्थही तोच? मूळ अर्थ हाच खरा अर्थ असा नियम लावायचा, तर 'वासना' या शब्दाचं काय करायचं? तोही याच घरातला. बौद्ध विचारवंतांनी त्याचा दृष्टान्त फुलांत ठेवलेल्या तिळांचा दिला होता. फुलं काढून घेतली तरी तिळांना त्यांचा वास राहतो, तसं कर्म संपलं तरी चित्तावर त्याचा ठसा राहतो, ती वासना. योगसूत्रांच्या चौथ्या पादातही ती संस्काराच्या अर्थानेच येते. इतका नाजूक, इतका खोल शब्द. आज मराठी बातमीत 'वासना' वाचल्यावर कुणाला तीळ आठवतात? संस्कृतातला 'दर्प' म्हणजे गर्व. मराठीत दर्प नाकात जातो. शब्दाचा जन्म कुठे झाला हे जाणून घ्यावं, त्यात फार आनंद आहे. पण शब्दाचा आजचा पत्ता बोलणाऱ्यांना विचारायचा असतो. शिवाय मूळचा 'वास' जर पुरेसा सुगंधी होता, तर त्याला पुढे 'सु' कशाला जोडावा लागला?

आपल्या जुन्या शास्त्रकारांनाही हा मधला शब्द लागत होता. सतराव्या शतकात अन्नंभट्टाने 'तर्कसंग्रह' या न्यायशास्त्राच्या ग्रंथात गंधाची व्याख्या केली : नाकाने कळतो तो गुण म्हणजे गंध, आणि तो दोन प्रकारचा, सुरभि आणि असुरभि. बघा, प्रकार पाडण्याआधी त्याने ज्याचे प्रकार पाडायचे त्याला नाव दिलं, आणि ते नाव दोन्हींपैकी कुठल्याच बाजूला झुकलेलं नव्हतं. 'मग वास कशाला, गंध आहेच की,' असं कुणी म्हणेल. पण मराठीत 'गंध' आता रोजच्या कामाचा राहिलेला नाही. बोलण्यात तो सहाणेवर उगाळून कपाळाला लावायचा, नाहीतर 'त्याला गणिताचा गंधही नाही' अशा वाक्यात यायचा. बाकी तो कवितेत राहतो. 'फ्रिजला गंध येतोय' असं कोण म्हणतं?

यापुढचा मुद्दा मावशीचा, आणि तो खरोखर वजनदार आहे. 'तुझ्या शर्टाला वास येतोय' असं कुणी म्हटलं तर त्यात कौतुक नसतं. 'इथे वास येतोय' म्हटलं की लोक खिडकी उघडतात, खोल श्वास घेत नाहीत. विशेषणाशिवाय आलेला 'वास' बहुतेक वेळा वाईटच असतो. हे मला पूर्ण मान्य आहे. मग शब्द बिघडलाच की?

मला तसं वाटत नाही. 'वरच्या मजल्यावर आवाज येतोय' हीही तक्रारच असते, म्हणून 'आवाज' हा शब्द कुणी गाणाऱ्यांकडून काढून घेत नाही. 'काय आवाज आहे!' म्हटलं की मान डोलते. 'त्यांना शुगर आहे' म्हणजे आजार आहे, पण त्यामुळे साखर वाईट होत नाही. नुसतं नाव घेऊन थांबणं ही आपली अडचणीची गोष्ट सांगायची रीत आहे. चांगलं असतं तेव्हा आपण हौसेने पूर्ण नाव घेतो : बासुंदीचा वास, कैरीच्या चिकाचा वास, नव्या वहीचा वास. नाव घेण्यातच सुख असतं. वाईट असतं तेव्हा घामाचं, मोज्यांचं, तोंडाचं नाव घेऊन समोरच्याला खजील करायचं नसतं, म्हणून आपण 'वास येतोय' एवढंच म्हणून थांबतो. तिथे 'वास' हा शब्द घाणेरडा झालेला नसतो. तो आपली आणि समोरच्याचीही लाज राखत असतो. त्याच्या या चांगुलपणाची शिक्षा त्यालाच का?

याहून कठीण आक्षेप दुसरा आहे : शब्द घसरतातच, तुम्ही कोण थांबवणारे? इंग्रजीत 'स्टिंक' हा शब्द हजार वर्षांपूर्वी दोन्ही प्रकारच्या वासांना चालायचा. आज तो फक्त दुर्गंधीचा आहे. फारसीत 'बू' म्हणजे नुसता वास, म्हणून तर 'खुशबू' आणि 'बदबू' असे दोन जोडशब्द करावे लागले. हिंदी बोलण्यात एकटी 'बू' आता वाईटच. आणि आपल्या घरातलं उदाहरण तर सगळ्यांत बोलकं आहे. 'घाण' हा शब्द संस्कृतातल्या 'घ्राण'पासून आला. घ्राण म्हणजे नाक, हुंगणं. पालीत 'घान' म्हणजे नाकच, अर्धमागधीतलं 'घाण'ही तेच. मराठीत येईपर्यंत नाकाची वाईट वासावर घसरण झाली ('घाण येते'), आणि तिथून ती थेट कचऱ्यावर, मळावर आली ('घाण टाकू नका'). पुढे ती माणसांवरही गेली : घाणेरडा. ज्या शब्दाने वास घ्यायचा, तोच उकिरड्यावर गेला. मग 'वास' तरी कसा वाचणार?

हे उदाहरण लोक हार मानण्यासाठी देतात. मी ते सावध होण्यासाठी देतो. 'घाण' घसरली तेव्हा तिच्याबरोबर एक समजूतही पक्की झाली : ज्याला वास येतो ते घाण, आणि जी घाण नाही तिला वास नाही. ही समजूत साधी नाही. तिच्यापायी माणसं मेली आहेत.

एकोणिसाव्या शतकातल्या लंडनमध्ये सुधारकांचा ठाम विश्वास होता की रोग दूषित हवेतून, म्हणजे दुर्गंधीतून पसरतो. त्यांच्यातल्याच एडविन चॅडविकने १८४६ साली संसदीय समितीपुढे सांगितलं की सगळा वास म्हणजे रोगच. १८५४ साली जॉन स्नो या डॉक्टरने सोहोतल्या ब्रॉड स्ट्रीटवरच्या पंपाकडे बोट दाखवलं. पटकी, म्हणजे कॉलरा, पाण्यातून पसरत होती, आणि ते पाणी लोकांना चांगलं वाटत होतं. अधिकाऱ्यांना ते पटायला बरीच वर्षं लागली. इथे प्रामाणिकपणे एक कबूल केलं पाहिजे : १८५८च्या उन्हाळ्यात टेम्सच्या दुर्गंधीने संसद हैराण झाली, म्हणूनच बॅझलगेट या अभियंत्याच्या प्रचंड गटारयोजनेला पैसा मिळाला आणि तिने पुढे पटकी रोखायला मोठी मदत केली. म्हणजे चुकीच्या कारणासाठी बरोबर काम झालं. पण दर वेळी असं नशीब नसतं. १८९६ साली मुंबईत प्लेग आला तेव्हा हीच नाकाची समजूत कामाला लागली. गटारांत कार्बोलिक ओतलं, भिंतींना चुना फासला, गरिबांची घरं उघडीवाघडी केली. खरा वाहक पिसू होता, आणि तो पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने १८९८ साली कराचीत उंदरांवरच्या प्रयोगांतून दाखवला. पिसवेला वास नव्हता.

आजही हे संपलेलं नाही. आपल्या शहरांत मॅनहोलमध्ये उतरून माणसं मरतात. हाताने मैला साफ करून घेण्यावर बंदी घालणारा कायदा १९९३ साली झाला, २०१३ साली तो अधिक कडक झाला, तरी मरतात. गटारातला हायड्रोजन सल्फाइड वायू थोडा असतो तेव्हा त्याला सडक्या अंड्याचा वास येतो. त्याचं प्रमाण वाढलं की तो नाकाची जाणीवच बधिर करतो. म्हणजे आत उतरलेल्या माणसाला वास यायचा थांबतो तेव्हा मृत्यू सगळ्यांत जवळ असतो. त्याला 'घाण गेली' असं वाटणं हाच घात आहे. उलट, आपल्या स्वयंपाकघरातल्या गॅसला स्वतःचा वास नसतो. त्यात मुद्दाम इथाइल मर्कॅप्टन नावाचं उग्र वासाचं रसायन मिसळतात, गळती कळावी म्हणून. १९३७ साली टेक्ससमधल्या न्यू लंडन गावच्या शाळेत वास नसलेला वायू साठून स्फोट झाला, सुमारे तीनशे मुलं आणि शिक्षक गेले. त्यानंतर तिथे वायूला वास देणं कायद्याने सक्तीचं झालं. 'गॅसचा वास येतोय' हे वाक्य आपण ओरडून म्हणतो तेव्हा त्यात ना सुगंध असतो ना दुर्गंध. असते फक्त खबर. खबर देणारा शब्द भाषेत मोकळा ठेवावाच लागतो.

'पण शब्दाने नाक बदलतं का? वाईट ते वाईटच,' असं पुष्कळांना वाटतं. तर बदलतं. २००५ साली ऑक्सफर्डच्या संशोधकांनी लोकांना एकच वास हुंगायला दिला. कधी पाटीवर लिहिलं होतं 'चेडर चीज', कधी 'अंगाचा वास'. चीजची पाटी असताना लोकांना तोच वास अधिक सुखद वाटला, आणि मेंदूतल्या प्रतिसादातही फरक दिसला. दुसरं उदाहरण फुलातलं. मोगरा-जाईच्या वासात इंडोल नावाचं रसायन असतं, आणि तेच विष्ठेतही असतं. किंचित असतं तेव्हा फुलाला ते भरदारपणा देतं, फार झालं की नकोसं होतं. हिंगाचं तेच : डबीत उग्र, तेलात पडताच भूक चाळवणारा. चांगल्या-वाईटाची रेघ वस्तूत ओढलेली नसते. ती प्रमाणात असते, सवयीत असते, आणि बरीचशी शब्दात असते.

इथे मला मासळीबद्दल बोललंच पाहिजे, कारण हा वाद खरा पेटतो तो तिथे. मुंबई-ठाण्यात भाड्याने घर बघायला गेलेल्या किती जणांना 'आमच्याकडे नॉन-व्हेज चालत नाही' हे ऐकावं लागतं! कारण विचारलं की उत्तर येतं : घाण येते. लेखी तक्रारीत तेच 'दुर्गंधी' होतं. मी स्वतः सुकटीच्या वासात वाढलेलो नाही, आणि ती भाजताना मला आजही बाजूला व्हावंसं वाटतं. न आवडण्याचा हक्क सगळ्यांना आहे. पण मासळी बाजारात कोळणीसमोर उभं राहून बघा. ती बांगड्याचा कल्ला वर करते, लाल रंग दाखवते, आणि म्हणते, 'वास घे, बाय, ताजा हाय.' तिच्या तोंडी 'वास' हे मोजमाप आहे. समुद्रातला मासा मेल्यावर त्याच्या अंगातल्या एका द्रव्याचं जिवाणूंमुळे ट्रायमिथाइलअमाइन होत जातं, आणि तो ओळखीचा तीव्र वास तिथून येतो. ताज्या मासळीला तो जवळजवळ नसतो. कोळीण पिढ्यान्‌पिढ्या नाकाने हे रसायनशास्त्र करत आली आहे. तिच्या शब्दाला 'घाण' म्हणणाऱ्याने तिची विद्या आणि तिचं घर, दोन्ही एका शब्दात बाद केलेलं असतं.

शब्द बदलल्याने पूर्वग्रह जाणार नाही, हेही मी मान्य करतो. ज्याला शेजारी नको आहे तो 'वास' म्हणूनही त्याला घालवेल. तरी फरक पडतो. 'तुमच्या घरातून तळलेल्या मासळीचा वास आमच्या बेडरूममध्ये येतो' या वाक्याला उत्तर असतं : धूर बाहेर फेकणारा पंखा बसवा, डक्टची जाळी बंद करा, तळण दुपारी करा. 'घाण येते' या वाक्याला फक्त एकच उत्तर उरतं, आणि ते म्हणजे निघून जा. पहिलं वाक्य हवेबद्दल आहे, दुसरं माणसाबद्दल. ज्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या काही माणसांना त्यांच्या कामाच्या वासावरून दूर ठेवलं, त्या समाजाने हा फरक हलक्याने घेऊ नये.

घसरण अटळ आहे असं म्हणणाऱ्यांनी आणखी एक बघावं. 'वास' नको म्हणून तरुण मुलं हल्ली 'स्मेल येतोय' म्हणतात. काय झालं? काही वर्षांतच 'स्मेल'ही वाईट झाला. 'डब्याला स्मेल येतोय' म्हणजे डबा फेकायचा. शब्द बदलून पळता येत नाही. नवा शब्दही त्याच वाटेने जातो. आणि ही वाट निसर्गाने पाडलेली नसते. समासातल्या प्रत्येक लाल शेऱ्याने, 'वास नव्हे, सुवास म्हणा' या प्रत्येक टोकण्याने ती थोडी थोडी पडत जाते. माणसांनी पाडलेली वाट माणसं सोडूही शकतात.

'देवाच्या फुलांना सुवास म्हटलं तर बिघडलं कुठे?' काहीच नाही. सुगंध, परिमळ, दरवळ, घमघमाट, हे सगळे शब्द मला प्रिय आहेत आणि जिथे मन भरून येतं तिथे ते यावेतच. माझी हरकत सक्तीला आहे. मुलीने 'सुगंध' लिहिलं असतं तर ते चूक नव्हतं. तिने 'वास' लिहिलं, तेही चूक नव्हतं. शिवाय तिने 'छान' लिहिलं होतं, म्हणजे विशेषणाने आपलं काम केलेलं होतं. माझ्या मते बाईंना खरी दुरुस्ती सुचवायचीच होती तर 'छान'ला करायला हवी होती, कारण वाक्यातला तोच एक शब्द आळशी आहे. कसला छान? पहिल्या पावसाचा वास जमिनीतल्या सूक्ष्मजीवांनी तयार केलेल्या जिओस्मिनमुळे आणि तापल्या दगड-मातीत साठलेल्या तेलांमुळे येतो. शास्त्रज्ञांनी १९६४ साली त्याला 'पेट्रिकोर' असं वेगळं नाव दिलं. पण सहावीतल्या मुलीला हे माहीत असण्याची गरज नाही. तिच्याकडे नाक आहे.

म्हणून त्या रविवारी वाद थकल्यावर मी तिला एवढंच विचारलं, 'तुला तो वास कसा आला?' ती बराच वेळ गप्प बसली. मावशीने 'सुगंध, बाळा' म्हणून पाहिलं, तिने मान हलवली. मग म्हणाली, 'आजी तव्यावर पाणी शिंपडते ना, भाकरीच्या आधी, तसा. पण गार.' वही तिने परत दप्तरात ठेवली होती, ती काढली, आणि लाल शेऱ्याच्या खाली, जागा कमी होती म्हणून बारीक अक्षरात, ते वाक्य लिहून टाकलं.